हळदीचा डाग आणि पणत्यांची ओळ

अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटण्याचे हात पांढऱ्या पंचाला लागतात आणि साबण लावताच तो पिवळा डाग लाल होतो! गृहिणींना ही गंमत नवी नाही. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची रीतही जुनीच. हळदीतले कर्क्युमिन चुना, सोडा, साबण यांची चाहूल लागताच रंग बदलते.

हिंगोली जिल्ह्यात तर अशी पिवळी दौलत शेतोशेती पिकते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद संशोधन केंद्रही तिथेच आहे.

हळदीने रंगवलेल्या ओलसर टिपकागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडा. लाल वर्तुळ पसरते, मंदावते, थांबते. कारण चुना पुढे झिरपतो आणि वाटेत हळदीशी संयोग पावून खर्चीही पडतो. शिवाय झिरपणे हे गोगलगाईचे काम! स्थिर पाण्यात मिठाचा कण एक मिलिमीटर सरकायला पाच-सहा मिनिटे घेतो. दहापट अंतराला शंभरपट वेळ. म्हणून रासायनिक पारख करणारे साधन जितके चिमुकले, तितकी खबर लवकर.

पण खबर वाटेतच विरू नये म्हणून काय करावे? उत्तर रशियात सापडले. १९५१ च्या सुमारास बेलौसॉव्ह यांना आलटून पालटून रंग बदलणारे मिश्रण गवसले. संपादकांनी ते अशक्य म्हणून लेख परत केला. १९६१ पासून झाबोटिन्स्की यांनी ते काम पुढे नेले. या मिश्रणातला एक पदार्थ स्वतःचीच भर घालतो. लाल द्रवाच्या पातळ थराला चांदीच्या तारेचे टोक लावले की निळी लाट उठते आणि न विरता बशीभर जाते. एका पणतीने दुसरी लावावी, तरी शेवटची ज्योत पहिलीइतकीच तेजाळ, तसे हे! बेलौसॉव्ह १९७० मध्ये वारले. लेनिन पारितोषिक मिळाले १९८० मध्ये.

या विद्येची गरज आपल्या स्वयंपाकघरालाही आहे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. त्यातले शिसे अल्प प्रमाणातही मुलांच्या मेंदूला घातक. साबणाने डाग लाल झाला म्हणजे हळद आहे एवढेच कळते. शिसे नाही, असे मुळीच नव्हे! त्यासाठी आज प्रयोगशाळाच गाठावी लागते. कणभर विषाची खबर पणत्यांसारखी वाढवत नेणारी स्वस्त पट्टी घरोघरी आली, तर त्या दिवशी डब्यातल्या हळदीबद्दल आईला निर्धास्त होता येईल.