नायजरची पेटी आणि आपली भिशी

आफ्रिकेतील खेड्यांना मदत म्हटली की धान्याची पोतीच डोळ्यांपुढे येतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या मुस्लिमबहुल देशात, मराडी भागात, १९९१ साली ‘केअर’ संस्थेने मात्र पैसा न देता हिशेब शिकवला. बायांनी गट केले, दर आठवड्याला ठरलेली रक्कम पेटीत टाकली, त्यातूनच एकमेकींना धंद्यासाठी कर्ज दिले. वर्षअखेर सर्व रकमेचे वाटप. अशा पेटीला तीन कुलपे असतात, किल्ल्या तिघींकडे. एकटीला पेटी उघडताच येत नाही. ही पद्धत पुढे आफ्रिकाभर पसरली.

कॅम्प ४ मधील शिलाई कारागिरांना भिशी नवी नाही. पण मशीन आज बिघडते आणि भिशीचा नंबर आठ महिन्यांनी लागतो. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. आणि उचल देणारा मजुरीचा दरही स्वतःच ठरवतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

अडचण व्याजाची. तेथील गट कर्जावर व्याज घेतात. आपल्याला ते हराम. तेव्हा पेटी घ्यावी, व्याज सोडावे. कर्जे-हसना द्यावे, वहीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, वर्षअखेर ज्याची बचत त्याला परत. एका मशिदीच्या जमातीत वीस कारागीर सहज मिळतील. तिसरी किल्ली कोणाकडे, यावर मात्र वाद होईल.