वर्गणी भरली म्हणजे अमानत सुरक्षित राहते काय?

व्यापार विश्वासावर चालतो, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नुबुव्वतीपूर्वीच मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवीत. ठेव ही केवळ सोन्याचांदीची नसते. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची उधारी, मालाचा भाव, मागणीचा आकडा हीसुद्धा अमानतच होय. पूर्वी हे सारे दुकानाच्या वहीत राही आणि वही रात्री कुलपात जाई. आज भिवंडी-मालेगावचा कापडवाला काय किंवा मिरजेचा सतार बनविणारा कारागीर काय, सारेच भाव, नमुने व हिशेब मोबाईलवर पाठवितात. वही आपली पण तिजोरी परक्याची, अशी ही स्थिती आहे.

म्हणून एक प्रश्न विचारणे भाग आहे. खाजगीपणा जपण्याची हमी देणारी जी सेवा दरमहा किंवा दरसाल वर्गणी घेते, ती फुकट मिळणाऱ्या सेवेपेक्षा अधिक भरवशाची समजावी काय?

दलाली कोण देतो?

बाजारातला दलाल आपल्याकडून काही घेत नसेल तर तो समोरच्याकडून घेतो, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. इंटरनेटवरील सेवेलाही मोठमोठे संगणक, वीज व पगारी माणसे लागतात. 'सिग्नल' ही निरोप पाठविण्याची सेवा चालविणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला खर्च जाहीर केला. २०२५ पर्यंत तो वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल, असा तिचा अंदाज होता. हा पैसा वापरणाऱ्याने दिला नाही तर कोणीतरी दिलाच पाहिजे. तो जाहिरातदाराने दिला तर चालकाचे खरे गिऱ्हाईक जाहिरातदार ठरते आणि आपली माहिती हा माल ठरतो. वर्गणीवर लोकांचा विश्वास बसतो तो यामुळेच.

व्हॉट्सॲपचा धडा

व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झाले. जाहिराती नकोत, असे त्याच्या संस्थापकांचे धोरण होते. पहिल्या वर्षानंतर ते वर्षाला ९९ सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने साठ-पासष्ट रुपये, घेत असत. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे १,९०० कोटी डॉलरना विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. जानेवारी २०१६ मध्ये वर्गणी रद्द झाली. अनेकांकडे पैसे भरण्यास कार्ड नाही, असे कारण देण्यात आले आणि ते खोटे नव्हते. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरणाऱ्यांचे फोन क्रमांक व इतर माहिती फेसबुकला देण्याचे धोरण आले. जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटींवरून जगभर गदारोळ उठला. भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर जाहिराती आणण्याची घोषणाही झाली.

निरोपातील मजकूर मधल्या कोणाला वाचता येत नाही, अशी व्यवस्था २०१६ पासून तेथे आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण कोण कोणाशी व किती वेळा बोलतो, ही माहितीसुद्धा व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोलाची असते.

पैसे घेऊनही विश्वासघात

यावरून 'पैसे भरा आणि निश्चिंत राहा' असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. नमाजच्या वेळा व किब्ल्याची दिशा दाखविणारे 'मुस्लिम प्रो' हे ॲप आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. ते फुकटही मिळते आणि पैसे भरून जाहिरातींविनाही मिळते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील 'मदरबोर्ड'ने उघडकीस आणले की, वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती त्यातून 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होती, आणि अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार हे एक्स-मोडचे गिऱ्हाईक होते. बोभाटा होताच ॲपच्या चालकांनी हा संबंध तोडल्याचे जाहीर केले.

संगणकाचे रक्षण करणाऱ्या 'अवास्ट'चेही तसेच. ही कंपनी पैसे घेऊनही आपला माल विकते. तरीही लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती तिने उपकंपनीमार्फत विकली, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

युरोपात तर मेटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'माहिती द्या, नाहीतर दरमहा सुमारे १० युरो भरा' असा पर्याय ठेवला. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने तो कायद्याविरुद्ध ठरवून २० कोटी युरो दंड केला. जो हक्क मुळात आपलाच आहे, त्याची किंमत मागणे याला वर्गणी कसे म्हणावे?

वहीत नोंदच नको

याउलट स्वीडनमधील 'मलवाड' पाहा. इंटरनेटवरील वावर झाकणारी ही सेवा २००९ पासून महिन्याला ५ युरोच घेते. नाव विचारीत नाही. पाकिटातून रोख पाठविली तरी चालते. जून २०२२ मध्ये तिने आपोआप कापली जाणारी वर्गणी बंद केली, कारण त्यासाठी गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी लागे. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले. जे ठेवलेच नाही ते देणार कोठून?

स्वित्झर्लंडची 'प्रोटॉन' ही टपालसेवा वर्गणीवर चालते. तरी २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून तिला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा इंटरनेट पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतील मजकूर मात्र हाती लागला नाही. म्हणजे वर्गणी कायद्याच्या वर नाही. आणि सिग्नल फुकट असूनही टिकून आहे, ते देणग्यांवर.

व्यापाऱ्याने काय पाहावे?

सारांश, वर्गणी ही सचोटीची एक खूण आहे, पुरावा नव्हे. सौदा करताना माल पारखतो तसेच येथे पारखावे. चालकाचे उत्पन्न कोठून येते? तो कोणती माहिती ठेवतो आणि किती दिवस? मजकूर त्याला स्वतःला वाचता येतो काय? कंपनी विकली गेली तर आपल्या नोंदींचे काय होणार? सेवा सोडताना हिशेब बरोबर नेता येतो काय? ही उत्तरे साध्या भाषेत मिळत नसतील तर सौद्यात अस्पष्टता आहे असे समजावे, आणि अस्पष्ट सौदा शरीअतला पसंत नाही.

पैशाच्या बाबतीतही सावध राहावे. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप वर्गणी कापण्यापूर्वी २४ तास आधी सूचना यावी लागते. ती वाचल्याशिवाय पुसू नये. सोडू न देणाऱ्या 'वर्गणीच्या सापळ्या'स केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली आहे.

शेवटी, गिऱ्हाइकाने आपला भाव व उधारी आपल्या भरवशावर सांगितलेली असते, कोणा परदेशी कंपनीच्या नव्हे. त्यामुळे तिजोरी निवडण्याची जबाबदारीही आपलीच राहते.