परसबागेतील अपरिचित तणे व कवके : ओळखीची रीत

प्रास्ताविक

मृगाच्या पहिल्या सरींनंतर परसबागेत न पेरलेले बरेच काही उगवते. कुंडीच्या कडेला अनोळखी रोपे दिसतात, तर कुजक्या लाकडावर वा हिरवळीत एका रात्रीत भूछत्रे उभी राहतात. यावर सर्वसाधारण प्रतिक्रिया दोनच असतात : सरसकट उपटणे अथवा ‘रानभाजी’ समजून तोडणे. दोन्हींच्या मुळाशी ओळखीचा अभाव असतो. वनस्पतीचे नाव निश्चित झाल्याखेरीज तिच्याशी कसे वागावे हे ठरत नाही, हा विचार काही परिचित उदाहरणांच्या आधारे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तणांची ओळख

ओळखीचा आरंभ फुलापासून करावा असा संकेत असला, तरी परसबागेत निर्णय बहुधा फुलापूर्वीच घ्यावा लागतो. म्हणून खोडाचा छेद, पानांची मांडणी, चीक आणि जमिनीखालील भाग ही चार लक्षणे प्रथम तपासावीत.

लव्हाळा गवतासारखा दिसतो. परंतु त्याचे फुलोरा धरणारे खोड बोटांत फिरविल्यास तीन कडा जाणवतात. हरळीचे खोड गोलसर असून त्यावर पेरे असतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. लव्हाळा वरून उपटल्यास त्याचे कंद जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात. म्हणून तो कंदांसह खणून काढावा लागतो.

गाजर गवताची कोवळी पाने गाजराच्या पानांसारखी विभागलेली असून आरंभी जमिनीलगत पसरतात. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची पुण्यातील नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली. एक झाड हजारो बिया देते आणि त्याच्या संपर्काने त्वचेचे व श्वसनाचे विकार संभवतात. साहजिकच फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट काढणे इष्ट ठरते.

घोळ व लहान दुधी ही जोडी अधिक फसवी आहे. दोन्ही जमिनीलगत पसरतात व दोन्हींच्या खोडावर तांबूस छटा असते. मात्र घोळीची पाने मांसल असून देठ मोडल्यास पाण्यासारखा रस येतो; दुधीतून पांढरा चीक येतो. घोळ ही भाजी आहे. दुधीचा चीक त्वचेला व विशेषतः डोळ्यांना दाहक असतो.

सर्वाधिक सावधगिरी टाकळा व कासविंदा यांच्याबाबत आवश्यक आहे. टाकळ्याची भाजी फुलापूर्वीच खुडली जात असल्याने पिवळ्या फुलांचा वा शेंगांचा उपयोग होत नाही. पर्णिकाच पाहाव्या लागतात. टाकळ्यात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असून त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्यात जोड्या अधिक व टोके अणकुचीदार असतात, तसेच पानाच्या देठाच्या तळाशी एक ठळक ग्रंथी असते. पश्चिम उत्तर प्रदेशात बालकांना होणाऱ्या एका प्राणघातक आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. पर्णिकांची मोजणी किती महत्त्वाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कवकांची ओळख

भूछत्र हा कवकाचा केवळ फलभाग होय. त्याचा तंतुमय देह मातीत वा लाकडात पसरलेला असतो. परसबागेतील बहुसंख्य भूछत्रे कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जगतात आणि सजीव रोपांना अपाय करीत नाहीत. कुंडीत उगवणारे पिवळे नाजूक भूछत्र याच प्रकारचे आहे. त्यासाठी कवकनाशक फवारण्याचे कारण नाही. याउलट जिवंत झाडाच्या बुंध्याशी काष्ठवत कंसासारखे कवक दिसल्यास आतील लाकूड कुजत असण्याची शक्यता गृहीत धरावी.

भूछत्राच्या ओळखीत बीजाणूंचा रंग निर्णायक ठरतो. छत्र देठापासून वेगळे करून अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथे ठेवावे आणि वर पेला झाकावा. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. हिरवळीत येणारे मोठे पांढरे ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ हे विषारी भूछत्र कोवळेपणी खाद्य अळंबीसारखे भासते. त्याचा ठसा मात्र हिरवट येतो. वारुळावर येणाऱ्या खाद्य अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा खोल जातो, म्हणून नमुना न तोडता खणून पाहावा.

तथापि ठसा ही ओळखीची पायरी आहे, खाण्याचा परवाना नव्हे. अनेक विषारी भूछत्रांचे बीजाणूही पांढरेच असतात. चांदीचे नाणे काळे पडणे वा किड्यांनी कुरतडलेले असणे या लोकप्रचलित कसोट्या निराधार आहेत. काही भूछत्रांतील विष शिजवूनही नष्ट होत नाही व त्याची लक्षणे कित्येक तासांनंतर दिसतात.

समारोप

स्थानिक नावे प्रदेशागणिक बदलतात. ‘दुधी’ हे एकच नाव अनेक वनस्पतींना लावले जाते. म्हणून नमुना वाळवून, स्थळ व दिनांक नोंदवून, थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथासारख्या संदर्भांशी ताडून पाहावा. छायाचित्रावरून नाव सुचविणारी साधने शोधाला दिशा देतात. परंतु चीक, ग्रंथी वा बीजाणूंचा ठसा बहुधा त्यांच्या दृष्टीआड राहतो. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने पावसाळ्यात असे नमुने तपासून देण्याची व्यवस्था केल्यास विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक व परिसराचे हित एकाच वेळी साधेल. ओळख पटेपर्यंत उपटण्याची घाई न करणे आणि खाण्याचा मोह टाळणे, हेच परसबागेतील शहाणपण होय.