विश्लेषण : घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यावर एवढं रिकामं का वाटतं? दयामरण, अंत्यसंस्कार, मुलांचे प्रश्न... काय करावं?

‘कुत्राच तर होता, दुसरा आण.’ पाळीव प्राणी गेल्यावर पहिल्या आठवड्यात हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. आमचा बंड्या गेला, तेव्हा मी सुट्टीच्या अर्जात ‘कौटुंबिक कारण’ असं लिहिलं. खरं कारण लिहायची लाज वाटली. तेरा वर्षांचा गावठी कुत्रा, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. इंजिनीअरिंगला असताना घरी फोन लावला की आधी त्याची चौकशी व्हायची, मग आईबाबांची.

लाज का वाटते?

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये समाजमान्यता नसलेल्या दुःखाची संकल्पना मांडली. माणूस गेला की सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, शेजारी पिठलं-भात घेऊन येतात. प्राण्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. दिवसाचं वेळापत्रक मात्र त्याच्याभोवतीच आखलेलं असतं. आमच्याकडे आई पुढचे कित्येक दिवस भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला काढत होती आणि मग तो हातात धरून उभी राहत होती.

इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘दुःखाच्या पाच टप्प्यां’चं दडपण घेऊ नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये केलेली ती मांडणी मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल होती. तुमचं दुःख त्याच क्रमाने जाईल असं काही नाही.

दयामरणाचा निर्णय चुकला का?

सगळ्यात जास्त छळतो तो हा प्रश्न. संमतीपत्रावर बाबांनी सही केली आणि नंतर कितीतरी महिने ते विचारत राहिले, ‘चार दिवस थांबलो असतो तर?’ निर्णय घ्यायची वेळ आली असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. आज खाल्लं का, स्वतःहून उभा राहिला का, औषधाने वेदना थांबल्या का? वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त दिसू लागले की पशुवैद्यकाशी स्पष्ट बोला. (मी याची एक्सेल शीट केली होती. बाबा आधी चिडले, नंतर तीच उघडून बसायचे.)

प्रक्रियेत साधारणपणे आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, नंतर हृदय थांबतं. डोळे बऱ्याचदा उघडेच राहतात. क्वचित शरीराला झटका येतो किंवा श्वास घेतल्यासारखा आवाज होतो. ती स्नायूंची आपोआप होणारी हालचाल असते, त्याला काही जाणवत नसतं. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर बाबांच्या काही रात्री तरी बऱ्या गेल्या असत्या.

अंत्यसंस्कार कुठे?

मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडच्या कोंडवाड्यात पाइप गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे. इतर शहरांत पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. जाण्यापूर्वी फोन करा आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा.

गावाकडे स्वतःच्या शेतात पुरणार असाल तर विहीर आणि ओढ्यापासून दूर, चांगला खोल खड्डा घ्या. दयामरणाच्या औषधाचा अंश शरीरात राहतो, त्यामुळे ते उकरून खाणाऱ्या प्राण्यांनाही विषबाधा होऊ शकते. प्राणी पिसाळला असल्याचा संशय असेल, तर शरीराला हात न लावता आधी पशुवैद्यकाला कळवा.

मुलांना काय सांगायचं?

‘झोपला’ किंवा ‘गावाला पाठवला’ असं सांगू नका. पहिल्याने मूल झोपायला घाबरतं, दुसऱ्याने दाराशी वाट बघत बसतं. ‘तो मेला, आता परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही’ एवढं सरळ सांगा. तोच प्रश्न ते दहा वेळा विचारेल, दहा वेळा उत्तर द्या.

घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नका. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आठवण कशी जपायची?

कुणी झाड लावतं, कुणी पट्टा फ्रेम करून ठेवतं. उरलेलं खाद्य आणि अंथरूण प्राण्यांच्या निवाऱ्याला देता येतं. उरलेली औषधं मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. नवीन पिल्लू आणायची घाई नातेवाइकांनी करू नये, अचानक भेट म्हणून तर मुळीच नाही.

झोप आणि भूक कित्येक आठवडे उडाली, कामात लक्षच लागेना, तर टेलिमानसच्या 14416 क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. तिथे कारण सांगताना ‘कुत्रा गेला’ असंच सांगा.

बंड्याला फिरवायचा सहाचा गजर बाबांच्या फोनमध्ये अजून आहे. तो वाजला की ते उठतात आणि एकटेच चक्कर मारून येतात.