गुरुवारी गाडी स्टँडवर

सकाळी ६.००

भोसरीत आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी. मे संपत आला की त्यातला एक गुरुवार मी गाडीसाठी राखून ठेवतो. जूनमध्ये गावी जायचं म्हणजे ताम्हिणी उतरायची, आणि ओल्या घाटात ब्रेकवर शंका घेत गाडी चालवण्यात अर्थ नाही. आजची कामं तीन: इंजिन ऑइल, पुढचे ब्रेक पॅड आणि पुढच्या दोन्ही बाजूंचे लिंक रॉड. गाडी जुनी वॅगनार. गॅरेजवाल्याला ही कामं नवी नाहीत, पण मेन्टेनन्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या गाडीचे नट आपण फिरवावेसे वाटतात.

पाने काढायच्या आधी जागा ठरवायची. सोसायटीच्या पुढच्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत. वरून सपाट दिसतात, पण खाली वाळू असते. गाडी ज्यावर टेकवायची त्या जॅक स्टँडचे चार पाय चार वेगवेगळ्या ब्लॉकवर आले आणि त्यातला एक खचला की स्टँड कलतो. फाटकाबाहेरचं डांबर दुपारच्या उन्हात इतकं मऊ होतं की लोखंडी पाय त्यात हळूहळू रुततो. जुन्या वाड्यांत शहाबादी फरशीवर गाडी उचलणारे मी पाहिलेत. त्या फरशीखाली कुठे पोकळी असेल सांगता येत नाही, आणि फरशी तडकते ती एका क्षणात. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये काँक्रीटचा एक पट्टा आहे. तिथे पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, घरंगळली नाही. जागा ठरली.

सकाळी ७.००

निगडीहून भाचा आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, हात चांगला आहे, घाई जास्त आहे.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन पूर्ण उतरतं. इंजिन चालवायचं ते आत्ताच, चाकं जमिनीवर असताना. नंतर किल्ली माझ्या खिशात, आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच. कारखान्यात मशीनमध्ये हात घालण्याआधी आम्ही मेन स्विचला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. इथेही नियम तोच.

हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मग मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोकल्या.

"मामा, हँडब्रेक आहे ना? मग पाचर कशाला?"

या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना आहे आणि इंजिनची ताकद पुढच्या. पुढची चाकं हवेत गेली की गिअरचा काही उपयोग उरत नाही, सगळी भिस्त हँडब्रेकच्या केबलवर येते. केबल सैल असेल तर गाडी जॅकवरून सरकते. मागची बाजू उचलायची असती तर उलटं झालं असतं: हँडब्रेक निरुपयोगी, आणि पुढची चाकं गिअरने व पाचरींनी धरून ठेवायची. कुठलं टोक उचलतोय ते बघून कुठल्या चाकाला पाचर लावायची ते ठरतं. भाच्याला हे एकदा सांगितलं आणि पटलं.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल केले. हवेत लोंबणाऱ्या चाकाच्या घट्ट नटावर लांब पाना लावून जोर करणं म्हणजे गाडी स्टँडवरून ढकलण्यासारखंच.

सकाळी ७.४०

उचलण्याआधी स्टँड तपासले. दोन टनांचे, दात्यांवर अडकणारे, जोडीने घेतलेले. वेल्डिंगला तडा नाही ना, दाते झिजलेले नाहीत ना, खिटी पूर्ण बसते ना, हे हाताने फिरवून बघायचं. नवी वस्तू आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने विकलेले १७ लाखांहून अधिक जॅक स्टँड परत बोलवावे लागले. साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये दाते आणि खिटी नीट अडकत नव्हती, आणि वजन असताना स्टँड खाली बसण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि त्याच वर्षी तेही परत घ्यावे लागले. नामांकित दुकान, छापील क्षमता, तरीही हे झालं.

क्षमतेचा आकडा वाचतानाही लक्ष हवं. काही स्टँडवर तो जोडीचा असतो, काहींवर एकाचा, लेबलवर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढे, म्हणजे एका स्टँडवर अडीचशे किलोच्या आसपास येतं. मग दोन टनांचा कशाला? कारण वजन स्थिर असतं ते कागदावर. पाना ओढला, हातोडी मारली, गाडी हलली की तोच भार झटक्याने आणि तिरका येतो.

सकाळी ८.००

आता जॅक. डिक्कीत गाडीबरोबर येतो तो कैचीसारखा उघडणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याचा पाया तळहाताएवढा, आणि गाडी थोडी जरी पुढेमागे झाली तरी तो आडवा होतो. मी वापरतो तो चाकांचा ट्रॉली जॅक. तो तेलाच्या दाबावर चालतो, आणि गाडी वर धरून ठेवतं ते रबराचं एक सील आणि आतली एक छोटी झडप. झडपेत कचऱ्याचा कण अडकला किंवा सील म्हातारं झालं की दाब सुटतो. कधी तासाभरात बोटभर खाली येतो, कधी एकदम बसतो. चांगला जॅक दिवसभरही तसाच उभा राहतो, आणि त्यामुळेच माणूस फसतो. जॅकचं काम उचलण्याचं. धरून ठेवण्याचं काम स्टँडचं, कारण तिथे लोखंडावर लोखंड टेकलेलं असतं, मध्ये तेल नाही.

पहिल्यांदा काम करणारा अडतो तो इथे. दाराखालच्या पट्टीवर कंपनीने उचलायच्या जागा खुणेने दाखवलेल्या असतात. तिथे जॅक लावला तर स्टँड कुठे लावायचा? मग लोक जॅकवरच भागवतात, किंवा स्टँड पत्र्याखाली कुठेतरी ठेवतात आणि पत्रा आत जातो. म्हणून जॅकला वेगळी मजबूत जागा हवी. आमच्या गाडीत ती पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या फ्रेमवर मधोमध आहे. तुमच्या गाडीची तिच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने नको. ऑइल चेंबरला जॅक लावला तर चेंबर फुटतो. ज्या पट्टीवर खूण आहे ती स्टँडसाठी मोकळी राहिली पाहिजे.

मधून उचललं की दोन्ही चाकं एकदम सुटतात, आणि आज तेही हवंच होतं. एकच बाजू उचलली तर दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉडचा बोल्ट काही केल्या बाहेर येत नाही.

जॅकची दांडी मारताना भाच्याला म्हटलं, गाडीकडे नको, जॅकच्या चाकांकडे बघ. जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. गाडी पाचरींनी जागेवर आहे, म्हणजे जॅकलाच घरंगळायला मिळालं पाहिजे. त्याचं चाक खड्ड्यात अडकलं तर वरची वाटी फ्रेमवरून घसरते. काँक्रीटवर जॅक आपोआप चारेक बोटं पुढे सरकला.

दाराखालच्या खुणांवर, पट्टीची धार बसेल अशी खाच असलेली रबरी गादी मध्ये ठेवून दोन्ही स्टँड लावले, दोन्ही एकाच दात्यावर, आणि लागेल त्याहून वर नाही. खिटी खट् करून बसल्याचं ऐकलं, मग हाताने खाली दाबून पाहिली. जॅकचा व्हॉल्व्ह अगदी थोडा सैल केला आणि गाडी मुंगीच्या गतीने स्टँडवर उतरली. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. एका पायाखाली ती गेली, म्हणजे तो टेकलेला नव्हता. गाडी पुन्हा उचलली, स्टँड जरासा फिरवला, पुन्हा उतरवली.

मग बॉनेटच्या बाजूला खांदा लावून गाडी जोरात रेटली. आडवी, मग उभी. पडायची असेल तर ती आत्ता पडू दे, खाली कोणी नसताना. हलली नाही. जॅक तसाच फ्रेमला जेमतेम टेकवून ठेवला. चाकं काढली ती दाराच्या पट्टीखाली आडवी सरकवली. सगळं फसलंच तर गाडी टायरवर थांबेल आणि खाली थोडी तरी जागा उरेल.

एवढ्यात पाऊण तास गेला. भाचा घड्याळ बघत होता. माझ्या हिशेबात आज निम्मं काम झालं होतं.

सकाळी ९.००

खाली गेलो. डोळ्यावर चष्मा, हातात मोजे, भाचा बाहेर बसलेला. ड्रेन नट सोडला, ऑइल घमेल्यात पडू लागलं. ते निथळेपर्यंत ब्रेक पॅड. कॅलिपर काढून तारेने लटकवला, होजवर लोंबकळू दिला नाही. पॅड अजून थोडे चालले असते, पण घाटासाठी नवे बसवले. या कामाला वेळ लागत नाही.

सकाळी ११.००

मुलं क्रिकेट खेळायला आली. अशा कामात मला जास्त भीती वाटते ती चेंडूची. तो गाडीखाली जातो आणि त्याच्यामागे मूल जातं, विचार न करता. गाडीभोवती खुर्च्या आणि दोरी आधीच लावली होती, तरी प्रत्येकाला जवळ बोलावून सांगितलं: चेंडू गेला तर काका काढून देतील. खालच्या मजल्यावरचे एक शेजारी गप्पा मारायला आले आणि दार उघडून सीटवर बसायला निघाले. त्यांना हात जोडून थांबवलं. आत बसणाऱ्या माणसाचं वजन एका बाजूला येतं, दार आपटलं तरी धक्का बसतो. गाडी स्टँडवर असताना आत कोणी बसायचं नाही.

दुपारी १.००

जेवताना भाचा म्हणाला, "मामा, आमच्या कॉलेजजवळ एक जण विटा रचून गाडीखाली काम करतो. बांधकामाचे ब्लॉकसुद्धा चालतात ना?"

नाही चालत. वीट आणि काँक्रीटचा ब्लॉक भिंतीत वजन घेतात, कारण तिथे ते सगळ्या पृष्ठभागावर सारखं पसरलेलं असतं. गाडीची पट्टी बोटभर रुंदीची असते. तेवढ्या रेघेवर सगळा भार आला की वीट फुटते, आणि लोखंडासारखी आधी वाकून इशारा देत नाही. आडवा ठेवलेला पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकमध्ये खिळासुद्धा सहज शिरतो. जाड लाकडाचे आडवे-उभे रचलेले ठोकळे मात्र चालतात. लाकूड फुटण्याआधी करकरतं, दबतं.

मग मी त्याला बाकीचं सांगितलं, कारण हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. गाडी छातीवर बसली की बहुतेक वेळा माणूस हाडं मोडून मरत नाही. फासळ्या वर उचलल्या जात नाहीत, श्वास आत जात नाही. ओरडायला हवा लागते, तीच नसते. शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो आणि कोणाला काही कळत नाही. हातात असतात ती काही मिनिटं. म्हणून एकट्याने खाली जायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाला काय करायचं ते आधीच माहीत हवं: दुसरा जॅक हाताशी, पहिलं काम गाडी उचलण्याचं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला लावायचं. अडकलेल्या माणसाला पाय धरून ओढायचं नाही. डिक्कीतला जॅक सकाळीच बाहेर काढून ठेवला होता, तो यासाठी.

भाचा जेवायचा थांबला होता. मग म्हणाला, "त्या विटावाल्याला सांगतो उद्या."

दुपारी ३.००

उजव्या लिंक रॉडचा खालचा नट गंजून बसलेला. लांब पाइप लावून हिसका देण्याचा मोह इथे होतो. थांबलो. गंज सुटायचं तेल मारलं, चहा घेतला, पुन्हा मारलं. आतला बोल्ट ॲलन कीने धरून पाना सावकाश फिरवला, जोर गाडीच्या लांबीच्या दिशेने, आडवा नाही. सुटला. नवे रॉड दोन्ही बाजूंना बसले. खाली बॅटरी मारून लोअर आर्मचे बुश आणि सायलेंसरचे रबर पाहिले. डावं बुश पावसाळ्यानंतर बदलावं लागेल.

सायंकाळी ५.००

उतरवतानाही तेवढीच शिस्त, कारण या वेळी सगळे थकलेले असतात. ड्रेन नट घट्ट, चाकं बसवली, नट हाताने समोरासमोरच्या क्रमाने आवळले. गाडीखालून हत्यारं, घमेलं, चिंध्या, सगळं बाहेर; वाकून चारही बाजूंनी पाहिलं. जॅकने गाडी थोडी वर, स्टँड मोकळे झाल्यावरच खिट्या उचलल्या, स्टँड बाहेर काढले, मग व्हॉल्व्ह हळू सोडला. चाकं जमिनीला टेकल्यावर टॉर्क रिंचने नट ८५ न्यूटन-मीटरला आवळले, तो मॅन्युअलमधला आकडा.

सपाट जागेवर नवं ऑइल भरलं. गाडीत बसून आधी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबलं. नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल तळाला जातं, आणि हे विसरून गाडी बाहेर काढणारे समोरच्या भिंतीवर थांबतात. पाचरी शेवटी काढल्या.

सायंकाळी ६.१५

स्पाइन रोडवर एक फेरी मारून आलो. आवाज नाही, ब्रेक सरळ लागतो, गळती नाही. स्टँड पुसून दात्यांना ग्रीसचं बोट लावलं आणि माळ्यावर ठेवले. जॅक पूर्ण खाली करून व्हॉल्व्ह बंद. भाच्याला पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या गाडीचे पॅड बदलायचे आहेत. त्याने स्टँड मागितले. देणार आहे, पण उचलताना मी तिथे असेन, असं सांगितलं. शंभरेक किलोमीटर झाले की नट रिंचने पुन्हा तपासायचे, त्याची चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवली.