मालिका जिंकली, विश्वचषक हुकला! आयर्लंडच्या न्यूझीलंड दौऱ्याचा हिशेब मांडायचा कसा?

१६ जुलै २०२२. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या मैदानावर शेवटची शिट्टी वाजली तेव्हा गुणफलकावर आकडे होते आयर्लंड ३२, न्यूझीलंड २२. रग्बीच्या दुनियेत ही बातमी साधी नव्हती. त्या दौऱ्याआधी आयर्लंडला न्यूझीलंडच्या भूमीवर एकही कसोटी जिंकता आली नव्हती. यावेळी त्यांनी तीन कसोटींची मालिकाच २-१ अशी खिशात घातली. न्यूझीलंडने घरच्या मैदानावर मालिका गमावली ती १९९४ नंतर पहिल्यांदा. त्या वेळी फ्रान्सने त्यांना हरवलं होतं.

पण पुढे सव्वा वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत याच न्यूझीलंडने आयर्लंडला घरी पाठवलं. मग दौऱ्यातली ती प्रगती खरी होती की नुसती हवा होती? हा प्रश्न आयर्लंडमध्ये अजूनही चर्चेत येतो. परदेश दौऱ्यावरून संघाची ताकद कशी जोखायची, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याकडे रग्बी फारसा पाहिला जात नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा काहींनी तो पहिल्यांदा पाहिला. पण ती सात-सात खेळाडूंची झटपट रग्बी होती. कसोटी खेळतात ती रग्बी युनियन, एका बाजूला १५ खेळाडू आणि सामना ८० मिनिटांचा.

कबड्डी समजणाऱ्याला हा खेळ लवकर कळतो. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने पकड करून पाडायचं. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की तो ‘ट्राय’, त्याचे ५ गुण. त्यानंतर खांबांमधून लाथेने चेंडू घातला तर आणखी २. समोरच्याची चूक झाली आणि पेनल्टी मारून खांबांमधून घातली तर ३.

खेळाडू पाडला गेला की चेंडू सोडावा लागतो. तिथे दोन्ही बाजूंची झटापट होते, चेंडू पुन्हा बाहेर येतो आणि चाल पुढे सुरू होते. अशा एका फेरीला ‘फेज’ म्हणतात. यलो कार्ड मिळालं तर खेळाडू दहा मिनिटं बाहेर. या सामन्यांच्या वेळच्या नियमाप्रमाणे रेड कार्ड मिळालेला खेळाडू परत येत नसे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आयर्लंडचा रग्बी संघ अख्ख्या बेटाचा असतो. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातला उत्तर आयर्लंड, दोन्हीकडचे खेळाडू एकाच संघातून खेळतात. तरी बेटाची लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमीच भरते. न्यूझीलंड तर त्याहून लहान, साधारण ५० लाखांचा देश.

दौऱ्यात नेमकं काय घडलं

इतिहास आयर्लंडच्या बाजूने नव्हता. १९०५ मध्ये हे दोन देश पहिल्यांदा भिडले. न्यूझीलंडवर पहिला विजय मिळवायला आयर्लंडला २०१६ साल उजाडलं, तोही अमेरिकेतल्या शिकागोमध्ये. म्हणजे तब्बल १११ वर्षं. त्यानंतर २०१८ आणि २०२१ मध्ये त्यांनी डब्लिनला, आपल्या घरी, न्यूझीलंडला हरवलं. मात्र न्यूझीलंडमध्ये जाऊन २०१२ मध्ये ६०-० असा मारही खाल्ला होता.

२०२२ च्या दौऱ्यात पहिली कसोटी २ जुलैला ऑकलंडच्या ईडन पार्कवर झाली. या मैदानावर न्यूझीलंड १९९४ पासून हरलेला नव्हता. पहिला ट्राय आयर्लंडने केला, पण अर्ध्या वेळेलाच २८-५ अशी दाणादाण उडाली. कर्णधार जॉनी सेक्स्टन डोक्याला मार लागल्याने तपासणीसाठी बाहेर गेला. शेवटी निकाल ४२-१९. ‘नेहमीचंच झालं’ असं म्हणायला लोक मोकळे झाले.

आठवडाभराने ड्युनेडिनला आयर्लंडने २३-१२ असा सामना काढला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. या सामन्यात न्यूझीलंडच्या अँगस टाआवाओला पहिल्याच सत्रात रेड कार्ड मिळालं. शिवाय दोन यलो कार्डं. उरलेला सामना न्यूझीलंडला कमी माणसांवर खेळावा लागला. त्यामुळे या विजयावर शंका घेणारे होतेच, आणि ती शंका चुकीची म्हणता येणार नाही. समोरच्याकडे माणसं कमी असूनही मध्यंतराला आयर्लंड फक्त १०-७ ने पुढे होता.

म्हणून तिसरी कसोटी महत्त्वाची ठरली. वेलिंग्टनला न्यूझीलंडकडे माणसांची कमतरता नव्हती, राग मात्र भरपूर होता. तरी मध्यंतराला आयर्लंड २२-३ ने पुढे. दुसऱ्या सत्रात उलट आयर्लंडच्याच अँड्र्यू पोर्टरला यलो कार्ड मिळालं. न्यूझीलंडने एकामागून एक ट्राय करत अंतर २५-२२ वर आणलं. अशा वेळी पाहुण्यांचे पाय लटपटतात. इथे मात्र राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या रॉब हेरिंगने ट्राय केला आणि सामना ३२-२२ असा संपला. या निकालानंतर आयर्लंड जागतिक क्रमवारीत पहिल्या नंबरवर गेला आणि न्यूझीलंड चौथ्यावर घसरला.

पहिली कसोटी प्रगतीची: हरल्यावर काय केलं?

दौऱ्यातून कळते ती पहिली गोष्ट म्हणजे मार खाल्ल्यावर संघ वागतो कसा. घरी हरलं तर घरचं जेवण, घरची माणसं असतात. परक्या मुलखात तेच हॉटेल, तोच सराव आणि सात दिवसांत पुन्हा तोच प्रतिस्पर्धी.

प्रशिक्षक अँडी फॅरेल यांनी पहिल्या पराभवानंतर संघाची मोडतोड केली नाही. खेळायची पद्धत तीच ठेवली. चेंडू हातात ठेवायचा, झटपट फिरवायचा, समोरच्याला दम घेऊ द्यायचा नाही. चुका कमी केल्या, पद्धत सोडली नाही. पहिल्या पावसाने ताण दिला म्हणून लगेच पीक मोडून दुसरं पेरणारा आणि थोडं थांबून खुरपणी करणारा, यातला फरक शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरी कसोटी: मागची फळी

या दौऱ्यात तीन कसोटींशिवाय आणखी दोन सामने होते, आणि बातम्यांत त्यांना जागा कमी मिळाली. आयर्लंडने ४० खेळाडू सोबत नेले होते, त्यातले पाच असे की ज्यांनी आधी एकही कसोटी खेळलेली नव्हती. मूळ मावरी वंशाच्या खेळाडूंचा ‘मावरी ऑल ब्लॅक्स’ हा तगडा संघ आहे. त्याच्याशी या मागच्या फळीला आठवड्याच्या मधल्या दिवशी भिडवलं. पहिला सामना २९ जूनला हॅमिल्टनला ३२-१७ असा हरले. दुसरा १२ जुलैला वेलिंग्टनला ३०-२४ असा जिंकले.

या दोन सामन्यांचं पीक उशिरा हाती आलं. त्या पाच नवख्यांपैकी एक होता कियरान फ्रॉली. त्याला मावरी संघाविरुद्ध १० नंबरवर, म्हणजे सगळा खेळ चालवणाऱ्याच्या जागी उतरवलं होतं. दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, आयर्लंड विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. प्रिटोरियाची पहिली कसोटी २७-२० ने हरले. डर्बनच्या दुसऱ्या कसोटीत वेळ संपत आली असताना याच फ्रॉलीने चालू खेळात लाथेने चेंडू खांबांमधून घातला आणि आयर्लंड २५-२४ असा एका गुणाने जिंकला. दुसरा नवखा जो मॅकार्थी २०२३ च्या विश्वचषक संघात गेला आणि पुढे पहिल्या फळीतला खेळाडू झाला.

२०२२ चा हिशेब त्याच महिन्यात बंद केला असता तर ही नावं खात्यावर दिसलीच नसती.

तिसरी कसोटी: घरी आल्यावर टिकलं का?

एक चांगला दौरा कुणाचाही होऊ शकतो. तो पुढच्या हंगामात टिकला तर ती प्रगती. आयर्लंडचं बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेला १९-१६, फिजीला ३५-१७ आणि ऑस्ट्रेलियाला १३-१० असं हरवलं. संघातला जॉश व्हॅन डर फ्लिअर त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत पाचही सामने जिंकून त्यांनी ‘ग्रँड स्लॅम’ मिळवला.

विश्वचषकातही साखळी फेरीत सगळे सामने जिंकले. दक्षिण आफ्रिकेला १३-८ असं नमवलं. पुढे तोच दक्षिण आफ्रिका विश्वविजेता झाला, आणि अख्ख्या स्पर्धेत तो हरला तो एवढाच एक सामना. ड्युनेडिनच्या त्या कसोटीपासून मोजलं तर आयर्लंडने सलग १७ कसोटी जिंकल्या. रेड कार्डामुळे ज्या विजयावर शंका घेतली गेली, तिथूनच ही मालिका सुरू झाली होती.

दौऱ्याने जे सांगितलं नाही

१४ ऑक्टोबर २०२३, पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स मैदान. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. न्यूझीलंडला दोन यलो कार्डं मिळाली, तरी ते २८-२४ ने पुढे होते. शेवटच्या मिनिटांत आयर्लंडने चेंडू हातात ठेवून ३७ फेज खेळल्या. पाच मिनिटांहून जास्त वेळ माणूस पडतोय, उठतोय, पुन्हा धडकतोय. शेवटी न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने पडलेल्या खेळाडूवर वाकून चेंडू अडवला, पेनल्टी मिळवली आणि खेळ संपला. विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत हरण्याची आयर्लंडची ही आठवी वेळ. त्यापुढे ते आजवर गेलेले नाहीत.

मालिकेत पहिला सामना हरला तरी दुसरा असतो. बाद फेरीत दुसरा सामना नसतो. ड्युनेडिन आणि वेलिंग्टनमधला आयर्लंडचा मोठा गुण होता सावरण्याचा, आणि तो वापरायला पॅरिसमध्ये जागाच नव्हती. आणखी एक दुखणं दौऱ्यातच दिसलं होतं. सेक्स्टन दौऱ्यात असतानाच ३७ वर्षांचा झाला होता. पॅरिसमध्ये ३८ व्या वर्षी तो पूर्ण ८० मिनिटं खेळला, कारण इतक्या मोठ्या सामन्यात त्याच्या जागी दुसऱ्यावर भार टाकायची तयारी झालेली नव्हती. पराभवाचं हे एकच कारण नव्हे, पण मागच्या फळीवर इतकं काम करूनही या एका जागेची सोय अपुरी राहिली, हे खरं.

हरलेल्याने काय केलं?

दौऱ्याचा हिशेब एकाच बाजूने मांडला तर तो अर्धा राहतो. मालिका गमावल्यावर न्यूझीलंडने काही दिवसांतच दोन सहायक प्रशिक्षक बदलले. लवकरच जो श्मिट यांना प्रशिक्षकांच्या ताफ्यात कायमचं घेतलं. हे श्मिट मूळचे न्यूझीलंडचे, पण २०१३ ते २०१९ आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक. आयर्लंडचा बराचसा संघ त्यांच्या हाताखाली घडलेला. घरच्या विहिरीचं पाणी किती खोल आहे, हे माहीत असलेला माणूसच पलीकडे जाऊन बसला. न्यूझीलंड त्या विश्वचषकात अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे फक्त एका गुणाने, १२-११ असा हरला.

म्हणजे २०२२ च्या दौऱ्याने आयर्लंडला आत्मविश्वास दिला, तसा न्यूझीलंडला धडाही दिला. जिंकणारा पुढे जातो तेव्हा हरणारा जागेवर थांबलेला नसतो.

मग हिशेब काय निघतो?

आयर्लंडची प्रगती खरी होती. १७ विजय, ग्रँड स्लॅम, विश्वविजेत्यांवर त्यांच्याच घरी मिळवलेली एक कसोटी, हे नशिबाने होत नाही. पॅरिसच्या चार गुणांनी ते पुसलं जात नाही. पण ज्या बाद फेरीची अडचण त्यांना आधीपासून होती, ती या दौऱ्याने सुटली नाही, आणि दौरा ती सोडवूही शकत नव्हता. ज्यांनी जुलै २०२२ मध्ये ‘आता विश्वचषक आपलाच’ म्हटलं, त्यांनी दौऱ्याकडून नको ते मागितलं. ज्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सगळं फुकट गेलं’ म्हटलं, त्यांनी एका संध्याकाळवरून दोन वर्षं मोजली.

तालुक्याचा कबड्डी किंवा खो-खोचा संघ राज्य स्पर्धेहून परततो तेव्हा एसटी स्टँडवर पहिला प्रश्न असतो, ‘कप आणला का?’ तो विचारायलाच हवा. पण त्याच्या मागोमाग आणखी तीन विचारले पाहिजेत. पहिला सामना हरल्यावर पोरं कशी खेळली? बाकावरच्या किती जणांना मैदान मिळालं? आणि ज्यांच्याकडून हरलो, त्यांच्याशी पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडणार आहे, त्याची तयारी कधीपासून सुरू करायची?