सिनेमा अडला, चित्रकार नाही

कॉमिक्सवाला आणि सिनेमावाला, दोघंही चित्रंच काढतात. मग फरक काय, असा प्रश्न मला कायम पडायचा. उत्तर मिळालं फ्रान्सच्या ज्याँ जिरोकडे, म्हणजेच 'मोबियस'कडे.

बघा, कॉमिक्सचं पान छापलं की चित्रकाराचं काम वाचकाच्या हातात. सिनेमाचं चित्र मात्र सेटवरच्या लोकांसाठी असतं. कॅमेरा कुठे लावायचा, कपडे कसे शिवायचे, हे त्यावरून ठरतं. प्रेक्षकाला ते दिसतही नाही.

मोबियस १९६३ पासून 'ब्लूबेरी' हे काउबॉय कॉमिक्स काढत होता. १९७५ च्या सुमारास दिग्दर्शक होदोरोव्स्कीनं त्याला 'ड्यून'साठी बोलावलं. मोबियसनं शॉटमागून शॉट अख्खा सिनेमा कागदावर उतरवला. पण पैसेच उभे राहिले नाहीत. सिनेमा बारगळला!

अशी मेहनत बहुतेकदा कपाटात जाते. या दोघांनी मात्र 'ड्यून'साठी सुचलेल्या कितीतरी कल्पना घेऊन १९८० मध्ये 'द इन्काल' हे नवं कॉमिक्स सुरू केलं. कागदावर अंतराळयान उडवायला निर्माता लागत नाही ना!

त्यानं सिनेमाही सोडला नाही. 'एलियन'मधले (१९७९) स्पेससूट आठवतात? ते त्याच्या डिझाइनवरून आले. 'ट्रॉन'साठीही (१९८२) त्यानं काम केलं.

स्टोरीबोर्ड करणाऱ्या दोस्तांनो, पैसे घेऊन काढलेली चित्रं बऱ्याचदा निर्मात्याच्या मालकीची होतात. सही करण्याआधी करार नीट वाचा. आणि रोज एक पान स्वतःसाठी काढा. ते कुणाच्या बजेटवर अडत नाही.

भेटू पुढच्या भागात!